शिळेवरून पत्र्यावर : जैन उठावशिल्पाची परंपरा आणि आपली जबाबदारी

जिनमंदिराच्या गाभाऱ्याकडे जाताना भाविकाची दृष्टी स्वाभाविकपणे मूलनायकाच्या मूर्तीवर खिळते. मात्र मूर्तीपर्यंत पोहोचण्यापूर्वी तो ज्या दारातून आत येतो, ज्या भिंतींच्या मधून चालतो, ज्या सिंहासनासमोर हात जोडतो, त्या सर्वांवर एक मूक कला पसरलेली असते. दाराच्या चांदीच्या पत्र्यावर अष्टमंगल उमटलेले असतात. भिंतीवरील संगमरवरी पटात शत्रुंजय, गिरनार, संमेदशिखर आणि अष्टापद या तीर्थांची शिखरे हलक्या उठावात कोरलेली असतात. या कलेला आपण उठावशिल्प म्हणतो. पार्श्वभूमीपासून पूर्णपणे सुटी न होता तिच्यातूनच वर आलेली आकृती, एवढीच तिची व्याख्या आहे. या कलेचा इतिहास दोन हजार वर्षांहून जुना आहे आणि त्याचे काही धागे कांदिवलीच्या परिसरातही सापडतात. सुवर्णमहोत्सव हा जसा आनंदाचा, तसाच ठेव्याची मोजदाद करण्याचा प्रसंग असल्यामुळे या परंपरेचा थोडक्यात आढावा घेणे उचित ठरेल.

घडविण्याच्या तीन रीती

आकृती घडविण्याच्या प्रमुख रीती तीन आहेत. पहिली कोरण्याची. यात शिल्पी दगडातून नको असलेला भाग काढून टाकतो. जे उरते ते शिल्प. दुसरी ओतण्याची. यात मेणाच्या प्रतिकृतीभोवती मातीचा साचा करून, मेण वितळवून, त्या पोकळीत धातूचा रस भरतात. अकोटा येथील प्रसिद्ध जैन धातुमूर्ती, तसेच अकोला जिल्ह्यातील राजनापूर-खिनखिनी येथे सापडून नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात गेलेल्या मूर्ती या दुसऱ्या प्रकारच्या आहेत. तिसरी रीत ठोकून उठाव आणण्याची. यात काही काढले जात नाही आणि काही घातलेही जात नाही. सपाट पत्रा मागील बाजूने हळूहळू ठोकून फुगवला जातो आणि पुढील बाजूने रेखून त्याला नाकडोळे दिले जातात. कामाच्या आरंभी पत्र्याचे जे वजन असते, जवळजवळ तेच वजन शेवटी राहते. बदलतो तो केवळ आकार. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढील विवेचनात तिला मोठे महत्त्व आहे.

आपल्याच भूमीतील खुणा

कांदिवली पूर्वेकडील आकुर्लीच्या हद्दीत पडण नावाची काळ्या खडकाची टेकडी असल्याची नोंद जुन्या ठाणे जिल्हा गॅझेटिअरमध्ये आहे. थोर पुरातत्त्वज्ञ पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये सोपारा आणि पडण येथील अवशेषांवर विस्तृत निबंध प्रसिद्ध केला. या टेकडीच्या खडकावर कोरलेल्या पाऊलखुणा, नंदिपदासारखी मंगलचिन्हे आणि ब्राह्मी लिपीतील अक्षरे त्यांनी अभ्यासकांच्या नजरेस आणून दिली. ही चिन्हे जैन असल्याचा दावा करण्याचे कारण नाही. त्या काळी श्रमण आणि वैदिक अशा सर्वच परंपरांमध्ये काही मंगलचिन्हे सामाईक होती. तसेच ती उठावाची नसून खडकात खोदलेल्या रेघांची आहेत. परंतु दगडावर पूज्य खूण उमटवण्याची मानवी इच्छा आपल्या उपनगरातही किती प्राचीन आहे, हे त्यांवरून दिसते.

याच उपनगराच्या पूर्वेस, आजच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, कान्हेरीची बौद्ध लेणी आहेत. तेथील तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर दानी दांपत्यांच्या भव्य आकृती खोल उठावात कोरलेल्या आहेत. हे चैत्यगृह गजसेन आणि गजमित्र या व्यापारी बंधूंच्या दानातून सातवाहन काळात उभे राहिले, असे तेथील शिलालेख सांगतो. पुढे विसाव्या शतकात कांदिवलीच्या खाणींतील दगड बॅकबेच्या भरणीसाठी नेण्यात आला. ज्या खडकावर कधी चिन्हे कोरली गेली, तोच खडक समुद्रात टाकून त्यावर शहर उभारले गेले, हा काळाचा महिमा म्हणावा लागेल.

पश्चिम रेल्वेच्या याच मार्गावर पुढे नालासोपारा आहे. श्वेतांबर परंपरेनुसार आचार्य वज्रसेनसूरींनी सोपारक नगरीत श्रेष्ठी जिनदत्ताच्या चार पुत्रांना दीक्षा दिली आणि त्यांच्यापासून नागेंद्र, चंद्र, निर्वृत्ति आणि विद्याधर या चार शाखा निर्माण झाल्या. १८८२ मध्येच पंडित भगवानलालांनी सोपाऱ्याच्या बौद्ध स्तूपाचे उत्खनन केले. तेव्हा एका दगडी पेटीतून एकात एक ठेवलेले करंडक आणि सोन्याच्या पातळ पत्र्याची फुले मिळाली. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे जतन केलेला आहे. धातूचा पातळ पत्रा करून त्यातून पूजेची वस्तू घडविण्याचे कौशल्य या किनाऱ्यावर किती पूर्वीपासून होते, याचा हा स्पष्ट पुरावा आहे.

आयागपटापासून वेरूळपर्यंत

जैन उठावशिल्पाचा सर्वांत जुना आणि तेजस्वी अध्याय मथुरेचा आहे. तेथील कंकाली टीला येथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झालेल्या उत्खननात आयागपट नावाच्या चौकोनी शिळा मोठ्या संख्येने मिळाल्या. इसवी सनाच्या आगेमागे घडविलेल्या या शिळांवर मध्यभागी ध्यानस्थ जिन, स्तूप किंवा धर्मचक्र आणि भोवती मंगलचिन्हे कोरलेली आहेत. सध्या नवी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात असलेला एक सुंदर आयागपट सिंहनादिकाने अर्हतांच्या पूजेसाठी स्थापन केला होता. हा सिंहनादिक कोण? शिळेवरील लेखात तो स्वतःला वणिक सिंहकाचा पुत्र म्हणवतो. एका व्यापाऱ्याच्या मुलाने दिलेले दान दोन हजार वर्षांनंतरही त्याच्या नावानिशी ओळखले जाते, याचे कारण त्याने किती द्रव्य खर्च केले हे नव्हे. दात्याचे नाव आणि दानाचा हेतू त्या शिळेवरच कोरलेला होता, हे त्याचे कारण होय.

महाराष्ट्रात मावळातील पाले येथील लेण्यात अर्हतांना नमन करणारा प्राचीन ब्राह्मी लेख आहे. डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शोभना गोखले यांनी तो प्रकाशात आणला आणि महाराष्ट्रातील जैन धर्माच्या प्राचीनतेची चर्चा त्यामुळे नव्याने सुरू झाली. वेरूळच्या ३० ते ३४ क्रमांकाच्या जैन लेण्यांत ही कला परमोच्च बिंदूला पोहोचली. साधारण नवव्या-दहाव्या शतकांतील या लेण्यांत एका भिंतीवर कमठाच्या उपसर्गातही अविचल असलेले पार्श्वनाथ आणि समोर वेलींनी वेढलेले बाहुबली अशी योजना वारंवार आढळते. एकीकडे बाहेरून आलेले संकट, दुसरीकडे स्वतः पत्करलेले तप, आणि दोन्हीकडे तीच निश्चलता. उपदेशाचा एक शब्दही न लिहिता शिल्पकाराने सिद्धांत सांगितला आहे. हत्तीवर आरूढ झालेल्या यक्षाला लोक इंद्र समजले आणि बत्तिसाव्या लेण्याचे नाव इंद्रसभा पडले. आम्रवृक्षाखाली सिंहासह बसलेली अंबिकाही तेथेच आहे. वेरूळच्या टेकडीवर पुढे शके ११५६ मध्ये, म्हणजे १२३४-३५ च्या सुमारास, पार्श्वनाथांची भव्य मूर्ती कोरविणाऱ्या चक्रेश्वराचे नावही शिलालेखामुळेच टिकले. मनमाडजवळील अंकाई-टंकाईच्या जैन लेण्यांनी हीच परंपरा पुढे चालविली.

राजस्थानात संगमरवराने या कलेला वेगळे कोमल रूप दिले. आबूवरील विमलवसही १०३१ मध्ये आणि लूणवसही १२३० मध्ये उभी राहिली. लूणवसही उभारणारे तेजपाल आणि त्यांचे बंधू वस्तुपाल हे मंत्री होते आणि धनाढ्य श्रावकही होते. कारागिरांनी घासून काढलेल्या संगमरवराच्या भुकटीचे वजन करून तितकी चांदी त्यांना मजुरी म्हणून दिली जाई, अशी आख्यायिका तेथे सांगतात. आख्यायिकेत इतिहास किती हे बाजूस ठेवले तरी तिच्यातील विचार लक्षणीय आहे. मालकाने जे उरले त्याचे वजन केले नाही; जे कारागिराच्या हाताने गेले, त्याचे केले. म्हणजे त्याने दगडाची नव्हे, श्रमाची किंमत केली.

पत्र्यावरील भक्ती

मुंबईत जैन समाजाची वस्ती वाढली, तशी ही कला बंदराच्या शहरात आली. पायधुणीच्या गोडीजी पार्श्वनाथ मंदिराची प्रतिष्ठा १८१२ मधील. वाळकेश्वरचे बाबू अमीचंद पन्नालाल आदीश्वर मंदिर १९०४ मधील. पुढे व्यापार आणि नोकरीच्या निमित्ताने कुटुंबे उपनगरांत स्थायिक झाली. मालाड, कांदिवली, बोरिवली येथे देरासरे, दिगंबर मंदिरे, उपाश्रय आणि घरदेरासरे उभी राहिली. त्यांच्याबरोबर चांदीच्या उठावकामाची मागणीही वाढत गेली.

या कामाचे विषय परंपरेने ठरलेले आहेत. श्वेतांबर आम्नायात स्वस्तिक, श्रीवत्स, नंद्यावर्त, वर्धमानक, भद्रासन, कलश, मीनयुगल आणि दर्पण हे अष्टमंगल होत. दिगंबर आम्नायात झारी, कलश, दर्पण, चामर, ध्वज, पंखा, छत्र आणि सुप्रतिष्ठ ही अष्टमंगल द्रव्ये होत. तीर्थंकरांच्या मातेला पडलेली स्वप्ने श्वेतांबर परंपरेत चौदा, तर दिगंबर परंपरेत सोळा मानली जातात. पर्युषणात महावीरजन्माच्या वाचनाच्या दिवशी जी चांदीची स्वप्ने उतरवली जातात, ती याच ठोककामाची फळे. प्रभूची आंगी, मुकुट, सिंहासन, त्रिगडे, भंडाराची पेटी, दाराची चौकट या सर्वांवर हाच हात फिरलेला असतो. दिगंबर मूर्ती निराभरण असल्याने तेथे ही कला मूर्तीवर न येता सिंहासन, छत्र, भामंडल आणि वेदीवर येते. आम्नाय भिन्न असले तरी हातोडी एकच आहे.

हे काम कसे होते, हे पाहण्यासारखे आहे. राळ, विटांची वस्त्रगाळ पूड आणि थोडे तेल एकत्र तापवून एक लगदा तयार करतात. तो ऊब दिली की मऊ होतो आणि थंड झाला की घट्ट धरतो. त्याच्यावर पत्रा बसवून कारागीर मागील बाजूने बोथट टोकाच्या छिन्न्यांनी फुगवटे काढतो. खालचा लगदा पत्र्याला हवे तितके वाकू देतो, पण फाटू देत नाही. मग पत्रा काढून, उलटवून, पुन्हा बसवून पुढील बाजूने डोळे, बोटे, पाकळ्या रेखल्या जातात. सतत ठोकल्यामुळे चांदी कडक होते आणि त्याच स्थितीत हातोडी चालू ठेवल्यास तिला चीर जाते. म्हणून ती मधूनमधून मंद लाल होईपर्यंत तापवून पुन्हा नरम करावी लागते. ठोकणे, तापवणे, उलटवणे, रेखणे हा क्रम एका फलकासाठी अनेकदा करावा लागतो. एक घाईचा घाव अनेक दिवसांचे काम वाया घालवू शकतो.

ही रीत केवळ लहान वस्तूंपुरती आहे असे नाही. न्यूयॉर्कच्या बंदरातील स्वातंत्र्यदेवतेचा प्रचंड पुतळा ओतलेला नसून ठोकलेला आहे. शिल्पकार बार्तोल्दी यांच्या योजनेनुसार पॅरिसच्या कार्यशाळेत सुमारे २.४ मिलिमीटर जाडीचे तांब्याचे पत्रे लाकडी साच्यांवर ठोकून आकाराला आणले गेले आणि आयफेल यांनी रचलेल्या लोखंडी सांगाड्यावर चढवले गेले. १८८६ मध्ये त्याचे लोकार्पण झाले. देरासराच्या दारावरील लाकडी फळी आणि तिच्यावरील चांदीचा पत्रा यांचे नाते तत्त्वतः तेच आहे.

आपल्या देशात ही विद्या जातिपरंपरेने आणि आळीआळीने जपली गेली. पंजाबातील जंडियाला गुरू येथील ठठेरा कारागिरांच्या तांब्या-पितळेच्या कामाला युनेस्कोने २०१४ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत मठारकाम, म्हणजे भांड्यावर हातोडीच्या एकसारख्या ठोक्यांनी चकाकते पैलू पाडण्याचे काम, पेशवाईपासून नावाजलेले आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरी चांदीच्या दागिन्यांसाठी प्रसिद्ध आहे. आपल्या समाजातील जैन कासार बांधवांचा तर भांडी आणि बांगड्यांचा व्यवसाय पिढीजात. म्हणजे ही कला समाजाने केवळ विकत घेतली असे नाही, तिच्याशी त्याचे नाते व्यवसायाचेही आहे.

वजनाचा रकाना आणि कामाचा रकाना

येथे एक कटू वस्तुस्थिती मांडणे आवश्यक आहे. हाताने केलेले उठावकाम आज वेगाने कमी होत आहे. पोलादी ठशांच्या यंत्रावर एकाच नक्षीचे शेकडो पत्रे थोड्या वेळात निघतात. जर्मन सिल्व्हर या नावाने मिळणाऱ्या तांबे, निकेल आणि जस्ताच्या मिश्रधातूत तर चांदीचा अंशही नसतो. यंत्राला दोष देण्याचे कारण नाही. लहान संघाला, मर्यादित खर्चात, स्वच्छ आणि नीटनेटके काम त्यामुळे मिळते. प्रश्न नव्या कामाचा नसून जुन्याचे आपण काय करतो, हा आहे.

जीर्णोद्धाराच्या किंवा इमारतीच्या पुनर्विकासाच्या वेळी जुने चांदीचे दार, सिंहासन, स्वप्ने उतरवली जातात. ती काळवंडलेली असतात, कोठे पत्रा फाटलेला असतो. मग वजन केले जाते, घट वजा होते आणि चांदी आटवून नवी घडवली जाते. हिशेब चोख असतो. एका पैशाचाही गैरव्यवहार नसतो. तरीही एक फार मोठे नुकसान झालेले असते, आणि ते कोणत्याही वहीत दिसत नाही.

एक साधे गणित पाहू. ७ फूट उंच आणि साडेतीन फूट रुंद दारावर २८ गेजचा, म्हणजे सुमारे पाऊण मिलिमीटरच्या निम्म्या जाडीचा चांदीचा पत्रा चढवला, तर साधारण ९ किलो चांदी लागते. कोऱ्या पत्र्याचे वजन ९ किलो आणि त्यावर चोवीस तीर्थंकरांची लांछने घडविल्यानंतरचे वजनही जवळपास ९ किलो. वर सांगितल्याप्रमाणे या कलेत काही वाढत नाही आणि काही घटत नाही. त्यामुळे तराजूला कोरा पत्रा आणि घडविलेला पत्रा यांतील भेद कळतच नाही. चांदीचे वजन नोंदवहीत येते, मजुरी त्या वर्षाच्या खर्चात जाते आणि पुढील वर्षी हिशेबातून नाहीशी होते. म्हणजे जी वस्तू पुन्हा मिळवता येते, ती चांदी, मालमत्ता ठरते. जी पुन्हा मिळवता येत नाही, ती त्या विशिष्ट कारागिराच्या हाताची कामगिरी, खर्ची पडलेली ठरते. आबूच्या आख्यायिकेतील यजमानाने भुकटी तोलली. आपण चांदी तोलतो. दोन्ही तराजूच आहेत, पण एकात श्रम दिसतो आणि दुसऱ्यात दिसत नाही.

काही सहज शक्य उपाय

यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. प्रत्येक ट्रस्टने आपल्याकडील उठावकामाची स्वतंत्र नोंदवही करावी. वस्तूचे नाव, लांबी-रुंदी, वजन, घडविल्याचे वर्ष, दात्याची इच्छा असल्यास त्याचे नाव आणि शक्य असेल तेथे कारागिराचे नाव व गाव त्यात लिहावे. प्रत्येक वस्तूचे समोरून आणि मागून छायाचित्र घ्यावे. मागील बाजूचे छायाचित्र विशेष महत्त्वाचे, कारण हाताचे काम आणि ठशाचे काम यांतील फरक तेथे अधिक स्पष्ट दिसतो. जुनी वस्तू आटविण्याचा निर्णय घेण्यापूर्वी ती नोंद विश्वस्तांच्या सभेपुढे ठेवावी. एखादे दार अगदीच जीर्ण झाले असेल, तर निदान त्यातील एक चांगला फलक चौकटीत बसवून उपाश्रयाच्या भिंतीवर जपावा.

स्वच्छतेची काळजीही तितकीच आवश्यक आहे. हवेतील गंधकाच्या संयुगांमुळे चांदी काळवंडते. तीव्र रसायनाने किंवा खरखरीत पुडीने घासल्यास काळिमा जातो, पण त्याबरोबर चांदीचा सूक्ष्म थरही जातो. उठावात जे सर्वांत वर असते तेच प्रथम झिजते, म्हणजे नाक, बोटे, हत्तीची सोंड, फुलाच्या कडा. बऱ्याच जुन्या दारांवरील आकृत्या चेहरा हरवून बसल्या आहेत त्या काळाने नव्हे, तर श्रद्धेने रोज घासल्यामुळे. धुऊन खळ काढलेल्या मऊ सुती कापडाने हलकेच पुसणे बहुतेक वेळा पुरेसे असते. पत्र्याआड पाणी मुरू देऊ नये, कारण त्याने आतील लाकूड कुजते. पत्र्याला लोखंडी खिळे मारू नयेत, कारण ते गंजून भोवतालचा भाग डागाळतो.

अपरिग्रहाचा उपदेश देणाऱ्या धर्मात चांदीच्या दारांची एवढी चिंता कशाला, असा प्रश्न एखाद्या विचारी वाचकाच्या मनात येईल. तो योग्यच आहे. पण या कलेकडे नीट पाहिले तर उत्तर तिच्यातच मिळते. संग्रह चांदीचा असतो आणि तिचा मोह सुटला पाहिजे. आपण मात्र जुने काम आटवून चांदी तेवढी राखतो आणि साधना सोडून देतो. मंदिरात जे जपायचे ते धातूचे वजन नसून, एका कारागिराने अनेक दिवस मान खाली घालून, एकाग्र चित्ताने, पत्रा फाटू न देता जिनमातेचे स्वप्न त्यावर उमटविले, ती साधना होय.

सिंहनादिकाची शिळा दोन हजार वर्षे टिकली. ती आटवता आली नाही, हेही त्याचे एक कारण असावे. चांदीला ते भाग्य नाही. ती कधीही वितळू शकते आणि म्हणूनच तिच्यावरील कामाचे रक्षण करण्याचा भार पूर्णपणे माणसांवर आहे. पुढील पन्नास वर्षांच्या हिशेबवह्या उघडताना वजनाच्या रकान्याशेजारी कामाचाही एक रकाना आखला गेला, तर शताब्दीच्या वेळी ही नोंद वाचणाऱ्यांना आपल्या पिढीने काय राखले हे शोधत बसावे लागणार नाही.